आग्नेय कोपऱ्यातली ओल

जामाता दशमो ग्रहः असं आपल्याकडे म्हणतात. सासरा कितवा ग्रह, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. माझे सासरे एका वर्षी श्रावणात आमच्याकडे जर्मनीत आले आणि व्हिसा संपेपर्यंत राहिले. तेवढ्या मुदतीत मी त्यांच्यावर वैतागलो, चिडलो, एकदा तर आवाजही चढवला, आणि शेवटी मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला. मी काही ऊठसूट नमस्कार घालणाऱ्यांतला नाही. बायकोला विचारा.

तेव्हा आम्ही हेर्त्सोगेनआउराखला घर बांधलं होतं. बांधलं होतं म्हणजे भिंती होत्या, छप्पर होतं, आत रंगाचा वास होता आणि बाहेर बागेच्या जागी चिखल. मी पुण्याचा, तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. बायको नाशिकची, फिजिओथेरपिस्ट. इथे आल्यावर तिला स्वतःची पदवी पहिल्यापासून सिद्ध करावी लागली. अर्ज, भाषांतरं, तोंडी परीक्षा, पुन्हा अर्ज. मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच खिडकीवर भांडून घरी आलो असतो. ती मुकाट्याने करत राहिली आणि मुख्य रस्त्यावरच्या एका लहानशा प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, नोकरीला लागली. हळूहळू गावातले म्हातारे फोनवर विचारायला लागले, "ती भारतीय बाई आहे का आज? नसेल तर मी उद्या येतो."

त्या प्रॅक्टिसची मालकीण सत्तरीला टेकली होती. तिला हॅम्बर्गला लेकीकडे राहायला जायचं होतं. ती माझ्या बायकोला म्हणाली, "प्रॅक्टिस तू घे. न्यूर्नबर्गची मोठी क्लिनिकवाली मंडळी मागे लागली आहेत, पण मला तुला द्यायची आहे. वर्षअखेरपर्यंत थांबते. त्यापुढे मात्र मला जमणार नाही." बायकोने घरी येऊन हे सांगितलं ते कोटही न काढता, दारातच उभी राहून. इतकी वर्षं परक्या देशात परीक्षा देत राहिलेल्या बाईच्या हातात कुणीतरी किल्ल्या ठेवत होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तारण म्हणून हे नवं घर मागत होती. म्हणजे तिचं सगळं या घरावर उभं होतं. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मी सांगतो.

घर बांधणारा कंत्राटदार गावातलाच. आजोबांपासूनचा धंदा. बोलणं तोलूनमापून. काम झकास झालं की "पास्ट" म्हणायचा, म्हणजे जमलं. याहून मोठं कौतुक त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माझ्यासारख्या पुणेकराला खरं तर हे ओळखीचं वाटायला हवं होतं. पण दोन पुणेकरांचं एकमेकांशी कधी पटतं का?

सासरे नाशिकच्या सिटी सर्व्हे ऑफिसातून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या जागा मोजण्यात गेली. त्यांच्या बॅगेतून भाजणी निघाली, मेतकूट निघालं, आणि पंच्यात गुंडाळलेलं एक जुनं होकायंत्र निघालं. वास्तुशांतीचा मुहूर्त ते तिकडूनच काढून आले होते. "लेकीचं घर आहे, यथासांग करायचं," ही त्यांची एकच अट. जवळच्या एर्लांगेनला पीएचडी करणारा, घरात पौरोहित्य असलेला एक मुलगा मिळाला आणि तयारी सुरू झाली.

वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. पालथी घालतात, सोबत सात धान्यं आणि शेवाळ. फ्लॅटमधली माणसं ओट्याखाली किंवा कुंडीत भागवतात. मी कुंडी सुचवली.

"कुंडी?" सासरे म्हणाले. "जावईबापू, जमिनीवरचं घर आहे हे. जमिनीतच गेली पाहिजे प्रतिमा."

"बाबा, इथे कुठेही खोदायचं नाही," मी ठणकावलं. "फरशीखाली हीटिंगचे पाईप आहेत."

"मग तळघरात खोदू."

तळघरात नुसतं काँक्रीट होतं, पाईप नव्हते, म्हणून मी हात झटकले आणि ऑफिसला गेलो. त्यांनी होकायंत्र लावून कोपरा पक्का केला. दुपारी इथे आवाज केलेला शेजाऱ्यांना खपत नाही, म्हणून हातोडीच्या तोंडाला पंचा बांधला आणि छिन्नीने हळूहळू, भिंतीला अगदी लगटून, एक सुबक खड्डा केला. शेवाळ आउराख नदीच्या काठावरून स्वतः खरवडून आणलं. पूजेच्या दिवशी प्रतिमा आत गेली, वरून त्यांनी सिमेंट लिंपलं, त्यावर बायकोने पाट ठेवून समई लावली.

कंत्राटदारालाही जेवायला बोलावलं होतं. तो पाव आणि मीठ घेऊन आला. नव्या घरी जाताना इथे तेच नेतात. मांडी घालता येईना म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून त्याने श्रीखंडपुरी खाल्ली. सासऱ्यांनी खुणेनेच आग्रह करकरून वाढलं. जाताना त्याने पोटावर हात ठेवून "पास्ट" म्हटलं आणि सासरे खूश झाले. तळघरात काय झालंय हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे आमच्या डोक्यातही आलं नाही. देवाच्या कामाची कंत्राटदाराला कशाला वर्दी?

ऑक्टोबरात पावसाने झोड उठवली. एके सकाळी तळघरातलं पुस्तकांचं खोकं उचलायला गेलो तर तळ खाली राहिला आणि वरचं हातात आलं. भिंतीच्या कडेने ओलीचा पट्टा लांबवर पसरला होता. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की विचारू नका. नवं कोरं घर आणि गळतंय! कंत्राटदाराचं शेवटचं बिल नुकतंच आलं होतं. मी बँकेला कळवून टाकलं की घरकर्जातला त्याचा हप्ता सोडू नका, आणि मग त्याला फोन लावला.

"तुमचं तळघर गळतंय."

"माझं तळघर गळत नाही," तो म्हणाला.

तीन पिढ्यांचा अभिमान बोलत होता तो. मी तरी कुठे मागे हटणार? येऊन बघतो म्हणाला, तर मी म्हटलं, तुम्ही नको, आता तज्ज्ञच बघेल. फोन आपटले गेले, गोष्ट वकिलांकडे गेली. तज्ज्ञाची वेळ मिळाली ती थेट फेब्रुवारीतली.

नोव्हेंबर लागला आणि कोर्टाचं पाकीट आलं. इथे कंत्राटदाराचे पैसे अडले तर त्याला त्या घरावरच आपला हक्क नोंदवून घेता येतो. प्रत्येक मिळकतीचं एक सरकारी दप्तर असतं, ग्रुंडबुख म्हणतात त्याला. आमच्या घराच्या पानावर कोर्टाच्या हुकमाने त्याच्या हक्काची नोंद पडली होती. ते जर्मन मला धड समजेना. मी तोडकंमोडकं मराठी करून सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बोजा चढवला म्हणा की. आपल्याकडे प्रॉपर्टी कार्डावर चढतो, तोच हा."

"पण आपण कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत, बाबा!"

"नसतील. पण बोजा असलेल्या जागेवर पुढचा माणूस कर्ज देत नाही. मग ती जागा राजाची का असेना."

तसंच झालं. बँकेतली बाई चांगली होती, तिने कॉफी वगैरे दिली. म्हणाली, "तुमचा पगार उत्तम आहे. हप्ता कधी चुकलेला नाही. तुमची पत स्वच्छ आहे, हो. घराची नाही." प्रॅक्टिसच्या कर्जासाठी तारण हवं होतं आणि आमच्या तारणावर आता दुसऱ्याचा हात होता. बरं, म्हटलं, भांडण गेलं खड्ड्यात, त्याचा हप्ता सोडा, देऊन टाकतो. तर म्हणे, आता तोही सोडता येत नाही, आधी ती नोंद काढून आणा. कंत्राटदाराचा वकील म्हणे, आधी पैसे आणा, मग नोंद काढतो. ही आडमुठी माणसं दोन्हीकडून दार धरून उभी होती आणि मधे माझी बायको.

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. प्रॅक्टिसच्या भिंतींसाठी तिने रंगांचे नमुने आणून फ्रिजवर लावले होते. फिकट पिवळा तिला आवडला होता. एक दिवस मी दूध काढायला गेलो तर नमुने तिथे नव्हते. कुठे गेले हे विचारायची माझी छातीच झाली नाही.

सासरे रोज सकाळी अंघोळ करून तळघरात जात आणि आग्नेय कोपऱ्यात एक फूल ठेवून येत. त्यांचा परतीचा दिवस जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. ते वर आले, माझ्यासमोर खुर्चीवर बसले, आणि फूल तसंच त्यांच्या हातात होतं.

"जावईबापू, पाणी माझ्या खड्ड्यातून येतंय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांना दोन-तीन दिवस शंका येत होती. म्हणून त्यांनी त्या बाजूचं कपाट सरकवलं होतं, कोपरा खडखडीत पुसला होता, आणि पूजेतली उरलेली रांगोळी त्यावर भुरभुरून पाटावर बसून राहिले होते. पहिली रांगोळी भिजली ती त्यांनी लिंपलेल्या सिमेंटच्या कडेची. तिथून ओल भिंतीच्या पायथ्याने पुढे सरकली. मी खाली जाऊन पाहिलं. संशयाला जागाच नव्हती. जमिनीचं काँक्रीट आणि भिंत जिथे मिळतात तिथे पाणी अडवायला आत एक पत्रा गाडलेला असतो. त्यांची छिन्नी नेमकी तिथे पोचली होती.

"बाबा," मी म्हटलं, "हे आत्ता कुणाला कळायला नको. फेब्रुवारीत तज्ज्ञ येईल, त्याचं तो शोधेल. आपण होऊन सांगितलं तर तो माणूस हात वर करेल. म्हणेल, तुम्हीच फोडलंत, आता तुम्हीच निस्तरा. पुढे कधीही हे तळघर गळलं तरी तो ढुंकून बघणार नाही."

"बरोबर आहे तुमचं."

"मग?"

"मग काय? त्याचं काम चोख आहे आणि आपण त्याला नावं ठेवतोय. आपल्याकडे जेवून गेलेला माणूस आहे हो तो."

तेव्हा मी आवाज चढवला. "आणि तुमच्या लेकीची प्रॅक्टिस? त्याने हे ऐकून आणखी ताणून धरलं तर? ती तर गेलीच ना हातची!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. फूल त्यांनी टेबलावर ठेवलं. ज्या लेकीचं भलं व्हावं म्हणून त्यांनी तो खड्डा केला होता, तिच्याच पायात तो आला होता, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. तरीही ते सांगायला निघाले होते.

बायको जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली आली, वडिलांचा लोकरी कोट खुंटीवरून काढून त्यांच्या खांद्यावर घातला आणि मला म्हणाली, "गाडी काढ. बाबांना जर्मन येत नाही. तुला सांगावं लागेल."

"तू चल ना."

"मी नाही. मी रडेन तिथे."

कंत्राटदाराचं ऑफिस म्हणजे विटांच्या ढिगाशेजारची एक खोली. आम्हाला बघून तो उठला नाही. सासरे उभ्यानेच बोलायला लागले. एक वाक्य बोलायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी सांगितलं की हे माझे सासरे, यांना काही बोलायचंय. पुढचं वाक्य होतं, 'पाणी मी पाडलेल्या भोकातून येतंय.' ते जर्मनमध्ये उलटवताना माझी जीभ अडखळली आणि मी मधे एक 'फिलाइश्ट' टाकला. म्हणजे कदाचित. तेवढीच पळवाट.

सासऱ्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मी रोज फोनवर दहा वेळा हा शब्द वापरतो, तो त्यांनी ऐकून ऐकून ओळखला होता.

"जावईबापू, ते फिलाइश्ट काढा. मी कदाचित म्हणालो नाही."

मी काढला. मग मात्र एक अक्षर खाल्लं नाही. ते म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. तुमचं काम चोख आहे. लेकीच्या घराचं भलं व्हावं म्हणून मी खड्डा केला. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. जावई तुम्हाला जे बोलले ते माझ्या कामामुळे बोलले, त्याची मी माफी मागतो. दुरुस्तीला जे लागेल ते आमचं. तुम्ही पुढे काय करायचं ते करा, पण तुमचं तळघर गळत नाही, हे मला तुम्हाला सांगायचं होतं.

कंत्राटदार खुर्चीतून उठला. मग त्याने टोपी उचलली आणि म्हणाला, "दाखवा."

तळघरात सासरे उकिडवे बसले. एकदा बसवलेली प्रतिमा उकरून काढायची म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी आधी हात जोडले. छिन्नी धरली तेव्हा ओठ हलत होते, ते वास्तुपुरुषाची क्षमा मागत होते. मी म्हटलं, "द्या, मी काढतो." त्यांनी मान हलवली. सिमेंट निघालं, शेवाळ निघालं, भिजून मोड आलेली धान्यं निघाली, आणि चांदीची ती एवढीशी प्रतिमा त्यांनी ओंजळीत घेतली. भोकात हळूहळू पाणी भरायला लागलं.

कंत्राटदाराने टोपी काढली. "हे काय आहे?" त्याने मला दबक्या आवाजात विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. घर बांधताना जमिनीला, झाडांना, किड्यामुंग्यांना जो त्रास होतो त्याची क्षमा, आणि राहणाऱ्यांना सुख लाभावं म्हणून हा राखणदार.

"आल्झो," तो म्हणाला, म्हणजे असं आहे तर, आणि त्याने वाकून खड्ड्यात पाहिलं. मग म्हणाला, "आम्हीही घराच्या पायात नाणी ठेवतो. मला आधी सांगितलं असतं तर काँक्रीट ओततानाच मी जागा ठेवली असती."

हे मी मराठीत सांगितलं आणि सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "एवढंच होतं हो," ते म्हणत राहिले, "एवढंच होतं. नुसतं विचारायचं होतं."

जिन्याच्या वरच्या पायरीवर बायको उभी होती. कंत्राटदाराने तिच्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, बँकेचं काय अडलंय. मी सांगितलं. तुम्ही आधी नोंद काढल्याशिवाय बँक पैसे सोडणार नाही, आणि तुमचा वकील आधी पैसे मागतोय. प्रॅक्टिसचंही सांगितलं.

"नोटरीकडे आधी मी सही करतो," तो म्हणाला. "पैसे नंतर द्या."

"आधी? तुमचा वकील काय म्हणेल?"

"ओरडेल."

"मग का करताय?" मी विचारून बसलो. काय करणार, स्वभाव!

त्याने सासऱ्यांकडे बोट केलं. ते अजून खालीच बसलेले होते, ओंजळ तशीच धरून. "त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "तरी सांगितलं."

त्याने शब्द पाळला. सांध्यात कसलंसं इंजेक्शन मारून गळती बंद केली, ते बघून, रोज माणसांचे सांधे बघणारी माझी बायको बऱ्याच दिवसांनी हसली. कोपऱ्यात, जुन्या काँक्रीटला धक्का न लावता, वर एक छोटा ओटा ओतला आणि त्यात वीतभर कोनाडा ठेवला. होकायंत्र घेऊन सासरे शेजारी उभे होते. प्रतिमा पुन्हा पालथी निजली, ताजं शेवाळ आलं, ओटा बंद झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि "पास्ट" असं या वेळी सासरे म्हणाले. कंत्राटदार मान मागे टाकून हसला. तो हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

फ्रँकफर्टला त्यांना सोडायला गेलो तोवर सरकारी दप्तरात काही हललं नव्हतं. सही झाली तरी कागद आपल्या गतीनेच चालतात. नाशिकला पोचल्यापासून त्यांचा दर फोन एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा, "बोजा उतरला का?" तब्येत, हवापाणी, सगळं नंतर. मी नाही म्हटलं की पलीकडे नुसतं "बरं" यायचं, आणि ते "बरं" मला रात्रंदिवस टोचत राहायचं. लेकीने त्यांना कधीच दोष दिला नाही. ते स्वतःला काय बोलत असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

नाताळच्या तोंडावर पुन्हा फोन आला. मी बायकोला आणायला प्रॅक्टिसमध्ये गेलो होतो. भिंतींना फिकट पिवळा रंग लागत होता.

"उतरला का?"

"उतरला, बाबा. कालच कागद आला. पण इथे खोडत नाहीत. नोंद तशीच ठेवून खाली लाल रेघ मारतात."

"म्हणजे दिसत राहणार?"

"हो. कायमची."

"राहू दे. माझंच आहे ते," म्हणाले. "आणि पोरीचं काय झालं?"

मी फोन बायकोच्या हातात दिला. तिने "बाबा" एवढंच म्हटलं. नाकडोळे पुसत तिने कोटाच्या खिशात हात घातला, सकाळीच मिळालेल्या किल्ल्या बाहेर काढल्या आणि फोनजवळ धरून खुळखुळ वाजवल्या.

"ऐकलं गं, पोरी," पलीकडून आवाज आला. "पुन्हा एकदा वाजव."